चार नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर

मला शाळेत घेतलं होतं गणित शिकवायला. गाड्यांचं काम गळ्यात पडलं ते आवाजामुळे. लातूरबाहेर औसा रोडला आमची शाळा, तिच्या पाच पिवळ्या गाड्या, आणि आधी ज्या सरांकडे त्या होत्या त्यांना ड्रायव्हर लोक अजिबात जुमानत नसत. एका बैठकीत संस्थेचे सचिव म्हणाले, "मॅडम वरच्या मजल्यावर ओरडल्या की खाली मैदानातली पोरं गप होतात. गाड्या त्यांच्याकडेच द्या." सगळे हसले. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी पाच गाड्यांच्या किल्ल्या माझ्या टेबलाच्या खणात आल्या.

काम हातात आलं तशी मी ड्रायव्हर निवडायची एक पद्धत बसवली. लायसन आणि बॅज बघायचा, ते तर सगळेच बघतात. मग रिकामी गाडी औशापर्यंत नेऊन आणायला लावायची, मी मागच्या बाकावर. मग मैदानात दोन पिंपांच्या मधून गाडी उलटी काढायची. मग आधीच्या मालकाला फोन. आणि शेवटी शहरातल्या एका डॉक्टरांकडून डोळ्यांची तपासणी, कारण लायसनच्या वेळचा दाखला किती जुना असतो आणि कसा मिळवलेला असतो, हे मला माहीत होतं. प्रत्येक माणसाचा एक कागद, कागदावर पाच चौकोन. पाचही चौकोनांत माझी सही झाल्याशिवाय किल्ली नाही. याला कधी पंधरा दिवस लागत, एकदा तर महिना लागला. ड्रायव्हर माझ्या माघारी मला आरटीओबाई म्हणत. सचिव तोंडावर म्हणत, "मॅडम, आपल्याला विमान उडवायचं नाही." मला त्या कागदाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी शाळा उघडून महिना झाला नसेल, चार नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे निघून गेला. सकाळी वॉचमनच्या हातात किल्ली दिली आणि गेला. चार नंबर म्हणजे औशाची गाडी. औसा गाव आणि वाटेतल्या वस्त्या, चौतीस मुलं, त्यातली बहुतेक चौथीच्या आतली. मी नेहमीप्रमाणे कागद काढला. पहिला उमेदवार पिंपाला धडकला. दुसऱ्याच्या जुन्या मालकाला फोन लावला तर तो नुसता हसत सुटला. तिसरा चांगला होता, पण माझे तीन चौकोन भरेपर्यंत तो दुसऱ्या शाळेत कामाला लागलासुद्धा. आठ दिवस गेले. तोवर आईबापांनी आपली सोय केली होती, म्हणजे ऑटो. तीन माणसांच्या ऑटोत दहा-दहा पोरं आणि दप्तरं बाहेर लटकवलेली. ते ऑटो फाटकात शिरताना मी रोज बघत होते आणि रोज मनात म्हणत होते, दोन दिवस अजून.

सोमवारी त्यातला एक ऑटो शाळेच्या अलीकडच्या वळणावर कलंडला.

मी पळत गेले तेव्हा पहिलीतली एक मुलगी रस्त्याच्या कडेला बसली होती, उजवा हात डाव्या हातानं धरून. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "मॅडम, माझा डबा सांडला." हात दोन ठिकाणी मोडला होता. बाकीची पोरं खरचटण्यावर सुटली.

तिच्या वडिलांचं औशात हार्डवेअरचं दुकान. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गिऱ्हाइकाशीसुद्धा हळू बोलणारा माणूस. दवाखान्यातून ते सरळ शाळेत आले.

"मॅडम, एक ड्रायव्हर शोधायला किती दिवस लागतात?"

"मी काळजी घेऊनच..."

"तुमची काळजी आत्ता माझ्या पोरीच्या हाताला बघून आलो," ते म्हणाले.

ते ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण त्यांचा आवाज वाढलाच नाही, आणि माझा तर फुटलाच नाही. सगळी शाळा ज्या आवाजाला घाबरायची तो नेमका त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. ते गेल्यावर सचिवांनी बोलावलं. "परवा सकाळी चार नंबर रस्त्यावर पाहिजे. कोण चालवतो ते तुम्ही बघा."

मंगळवारी दुपारी तो आला. पंचेचाळिशीचा असेल. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, पायात चपला पण टाचा घासून धुतलेल्या. लायसन होतं, बॅज होता. चौदा वर्षं नांदेड-पुणे ट्रॅव्हल्स चालवली म्हणाला. मी गाव विचारलं. त्यानं सांगितलं, नायगावजवळचं. त्यानं जे गाव सांगितलं ते माझं माहेर.

"कुणाच्यातले तुम्ही?" मी विचारलं.

झालं. मुलाखत तिथं संपली. आमच्या भागात माणूस ओळखायचा तो असाच: गाव कोणतं, कुणाच्यातला, पाव्हणे कुठले. दोन प्रश्नांत धागा सापडला की पुढचं विचारणं म्हणजे अपमान. आणि सासरच्या मुलखात माहेरच्या गावचा माणूस समोर आला की बाई निम्मी विरघळते. त्याला भाऊ मानायचं, चहा द्यायचा, गावातल्या विहिरीला यंदा पाणी किती आहे ते विचारायचं. त्याच्यावर संशय घेणं म्हणजे आपल्याच गावावर घेणं.

तो म्हणाला, "ताई, तुमच्या लग्नाला गावची माणसं घिऊन म्याच आलतो लातूरला. तुम्हाला याद नसंल."

मला याद नव्हतं. पण शाळेत मॅडम आणि बाहेर वहिनी ऐकून ऐकून कान किटले होते, आणि बऱ्याच दिवसांनी कुणी त्या सुरात ताई म्हणालं होतं. मी म्हणाले, आठवतंय की.

रिकामी गाडी घेऊन आम्ही औशाला जाऊन आलो. गाडी अशी चालवली की मागच्या बाकावर मला पाण्याची बाटली धरावी लागली नाही. पिंपं कुणीतरी बांधकामावर पाण्याला नेली होती, म्हटलं उद्या बघू. जुन्या मालकाऐवजी मी माझ्या भावाला फोन केला.

"सोन्यासारखा माणूस हाय," भाऊ म्हणाला. "सुपारीच्या खांडाला शिवत न्हाई. बिनघोर घे."

राहिले डोळे. डॉक्टर नांदेडला गेले होते, गुरुवारी येणार होते. मी त्याला सांगितलं, "गुरुवारी आपण डोळे तपासून घेऊ." तो मान हलवून "हाव, ताई" म्हणाला. पाचव्या चौकोनात मी पेन्सिलीनं लिहिलं: गुरुवारी. आणि बुधवारी सकाळी सहा वाजता किल्ली त्याच्या हातात दिली.

गाडी सुरू झाली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. मुलीच्या वडिलांनी निरोप पाठवला, धन्यवाद मॅडम. ती मुलगी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून गाडीनं येऊ लागली. सचिव भेटतील तेव्हा म्हणायचे, "बघा, दोन दिवसांत झालं की नाही? उगाच महिना महिना घोळ घालता." मीही मनातल्या मनात म्हणू लागले, खरंच आपण घोळच घालत होतो. गुरुवारी दोन नंबरच्या गाडीचं टायर फुटलं. पुढच्या गुरुवारी चाचणी परीक्षा. त्याच्या पुढच्या गुरुवारी मला आठवणसुद्धा झाली नाही. खण उघडला की तो कागद दिसायचा, पेन्सिलीचा शब्द दिसायचा, आणि मी त्याच्यावर दुसरी फाईल ठेवायची.

डाव्या बाजूचा आरसा एकदा तुटून आला. "झाडाची फांदी लागली, ताई." डाव्या अंगाला एक लांब ओरखडा आला. "स्टँडवर कुणी घासली की काय." दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला अर्धा तास उभा केला असता. याला मी म्हणाले, असू द्या, रंग मारून घेऊ.

ऑगस्टातला शुक्रवार होता. साडेतीनला गाड्या सुटल्या. मी फाटकातून परत फिरत होते, तर ती पहिलीतली मुलगी वॉचमनच्या खुर्चीजवळ गाल फुगवून उभी. प्लास्टर काढून चार दिवस झाले होते आणि हात दाखवायला वडील तिला न्यायला येणार होते. म्हणून ती गाडीत बसली नव्हती.

"काय झालं गं?"

"आज माझी पाळी होती."

"कसली?"

"डोळा व्हायची."

मला वाटलं लहान पोरांचा काही खेळ असेल. मी हसून विचारलं, "म्हणजे काय करायचं असतं?"

तिनं आपला डावा डोळा तळहातानं झाकला. "काकांना इकडचं दिसत नाही ना. मग पुढच्या सीटवर बसायचं आणि सांगायचं. मोटारसायकल आली, म्हैस आली. शुक्रवारी मी."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मग आज तुझ्या जागेवर कोण बसलं?"

"कुणीच नाही," ती रागानं म्हणाली. "माझी जागा आहे."

गाडी जाऊन पाच मिनिटं झाली होती. त्याला फोन केला. वाजत राहिला. गाडी चालवताना तो फोन कधीच उचलायचा नाही, त्याचं मला केवढं कौतुक होतं. गाडीवरच्या मावशीला केला, म्हणजे मुलांना चढवायला-उतरवायला असते त्या बाईला. तिचाही वाजत राहिला, पिशवीत असणार. मुलीला वॉचमनच्या हवाली केलं आणि स्कूटी काढली.

औसा रोड त्या वेळी नुसता भरलेला असतो. ट्रक, एसटी, कडबा भरलेले ट्रॅक्टर, आणि कडेनं उलट दिशेनं बिनधास्त येणाऱ्या मोटारसायकली. रोज दिसणारा तो रस्ता त्या दिवशी मला फक्त डाव्या बाजूनं दिसत होता. डावीकडून पोरगं सायकलवर. डावीकडे शेळ्या. डावीकडे ट्रॉली उभी, तिच्याआडून निघणारा म्हातारा. हे सगळं त्या माणसाला दिसत नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी मोठ्यानं बोलत होते बहुतेक, कारण शेजारून जाणाऱ्या एकानं वळून बघितलं.

दोन वस्त्या मागे पडल्यावर गाडी दिसली. मागच्या काचेतून पोरं मला बघून हात हलवू लागली. उजवीकडून पुढं जायला वाव नव्हता, समोरून ट्रकांची रांग. म्हणून मी स्कूटी डावीकडून घातली. हॉर्न दाबून धरला, एक हात वर केला आणि गाडीच्या पुढच्या दाराला आले.

आणि गाडी डावीकडे यायला लागली. पुढे वस्तीचा थांबा होता. तो गाडी कडेला घेत होता, अगदी हळू, नेहमीच्या हलक्या हातानं. माझ्या डाव्या बाजूला खडीचा ढीग. उजव्या खांद्याजवळ पिवळा पत्रा. मी ओरडले. मैदानात ऐकू जाणारा आवाज तो, पण इंजिन आणि पोरांच्या गलक्यात दोन हातांवर पोचला नाही. पत्रा आणखी जवळ आला. काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता, शांत, आणि त्याचा डावा डोळा सरळ माझ्याकडे होता. पण त्याला मी दिसत नव्हते.

मावशीनं दारातून पाहिलं आणि पत्र्यावर दोन्ही हात बडवले. गाडी थांबली. तोवर मी खडीवर आडवी झाले होते, स्कूटी माझ्या पायावर.

तो पळत खाली आला. "ताई! लागलं का वं?"

मी उठले. गुडघा फुटला होता. त्याच्या डाव्या बाजूला जाऊन दोन बोटं धरली.

"किती?"

तो मान वळवणार होता. मग वळवली नाही. खाली बघत राहिला.

"मागच्या सुगीत सोयाबीनच्या मळणीवर व्हतो," तो म्हणाला. "मशीनचं भुसकट गेलं डोळ्यात. आधी धूसर दिसायचं, मंग तेबी गेलं. ट्रॅव्हल्सवाल्यानं काढलं. पर दुसरा डोळा चांगला हाय, ताई. म्या हळू चालवून राहिलो."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर किल्ली दिली असती का?" मग म्हणाला, "तुम्ही म्हणलं व्हतं ना, गुरुवारी डॉक्टरकडं जाऊ. म्हणलं तिथं कळंलच. आपल्या तोंडानं सांगायची येळ येनार न्हाई. म्या दर गुरुवारी धुतलेला शर्ट घालून येत व्हतो. तुम्ही न्हेलंच न्हाई."

त्याचा राग आला होता, अजूनही येतो. पण तो राग अर्ध्या वाटेवरून परत माझ्याकडेच यायचा. मी हात पुढं केला. त्यानं किल्ली दिली.

दोन नंबरच्या गाडीला फोन करून बोलावलं. ती यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ पोरं लिंबाच्या झाडाखाली बसून उरलेले डबे खात होती, त्यांना मजा वाटत होती. तो लांब, सोयाबीनच्या बांधावर, पाठ करून बसला. मावशी माझ्याजवळ आली.

"मॅडम, म्या सांगणार व्हते. पर माणूस लई चांगला हाय. त्याच्या घरी तीन लेकरं हायती." तिनं पिशवीतून वहीचं एक पान काढलं. "मला मागच्या लेकरांकडं बघावं लागतंय, म्हणून पुढं एकाला बसवत व्हतो. मंग पुढं बसाया भांडाया लागली पोरं. म्हणून वार लावून दिले."

पानावर सोमवार ते शनिवार लिहिलं होतं, गोल गोल अक्षरात, आणि प्रत्येक वारापुढं एक नाव. त्यात सगळ्यात मोठा मुलगा चौथीतला होता. कागद अगदी नीटनेटका होता. सहाच्या सहा रकाने भरलेले.

संध्याकाळी भावाला फोन केला. "हाव, डोळ्यात कायतरी गेल्तं त्याच्या," तो सहज म्हणाला. "पर तू इचारलं कसा माणूस हाय म्हणून. माणूस चांगलाच हाय की." मी फोन ठेवून दिला. त्या माणसाचा महिन्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी करून दिला. जाताना तो "ताई, चुकलं" एवढंच म्हणाला आणि मी त्याला चहा विचारला नाही.

सोमवारपासून दोन नंबरच्या गाडीच्या दोन फेऱ्या ठरवल्या. औशाची पोरं तास आधी येणार, मी साडेसहाला शाळा उघडून त्यांना घेऊन बसणार. अडचणीचं होतं, पण जमलं. आणि जमलं तेव्हा लक्षात आलं, हे त्या पहिल्या आठ दिवसांतही जमलं असतं. माणूस सावकाश निवडायचा होता तर तोवर पोरांची सोय लावणं हेही माझंच काम होतं. मी फक्त चौकोन भरत बसले, आणि ते भरायचा धीर सुटला तेव्हा पेन्सिल उचलली.

सचिव म्हणाले, "पालकांना तांत्रिक कारण सांगा. विषय संपवा." मी हो म्हणाले. पुढच्या शनिवारी चार नंबरच्या पालकांची सभा होती. तोंडपाठ करून गेले होते तांत्रिक कारण. पण पुढच्या रांगेत ते हार्डवेअरवाले बसले होते, मांडीवर मुलगी, आणि मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पर्समधून दोन कागद काढले, माझा पाच चौकोनांचा आणि मावशीचा सहा वारांचा, आणि सगळं सांगितलं. पिंपं नव्हती हे सांगितलं, माहेर सांगितलं, गुरुवार सांगितला. नोकरी जाणार हे धरूनच बोलत होते.

मग जे व्हायचं ते झालं. लोक उभे राहिले, एक बाई रडायला लागली, कुणी पोलिसांचं नाव काढलं, सचिव मला खाली बसा म्हणून खुणा करू लागले. मी उभीच राहिले. एवढं तरी मी त्यांचं देणं लागत होते. हार्डवेअरवाले मात्र जागचे हलले नाहीत. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी मुलीला खाली ठेवलं, बाहेर खेळायला पाठवलं आणि माझ्याकडे आले. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं.

"आमच्या पोरीचा वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवार."

त्यांनी मान हलवली. मावशीचं पान हातात घेऊन मुलीच्या नावावर बोट ठेवलं.

"शुक्रवारी तिला उठवावं लागायचं नाही," ते म्हणाले. "आपली आपण उठायची, एका हातानं फणी पुढं करून वेणी घालून मागायची, अर्धा तास आधी दारात जाऊन उभी. आम्ही दोघं म्हणायचो, पोरीला शाळा आवडायला लागली."